मदत हवी आहे: तळ्याकाठची जुनी केबिन, दुरुस्ती कुठे संपते आणि वाढीव बांधकाम कुठे सुरू होतं?

नमस्कार मंडळी,

मी उत्तर मिनेसोटात तळ्याकाठच्या एका छोट्या शहरात राहते. यंदापासून शहराच्या प्लॅनिंग कमिशनवर, म्हणजे बांधकामाचे अर्ज तपासणाऱ्या समितीवर, सदस्य आहे. बांधकाम हा माझा विषय नाही आणि एका जुन्या केबिनच्या दुरुस्तीच्या अर्जावर सुनावणी पुढच्या मंगळवारी आहे, म्हणून इथे विचारतेय.

केबिन १९५४ सालची, म्हणजे राज्याच्या १९६९ च्या किनारा-कायद्याच्याही आधीची. पाण्याच्या अधिकृत रेषेपासून जेमतेम २८ फुटांवर. आमचं तळं राज्याच्या वर्गवारीत 'रिक्रिएशनल डेव्हलपमेंट' वर्गातलं आणि इथे ड्रेनेजची सार्वजनिक लाइन नाही, त्यामुळे आज नवं घर बांधायचं तर १०० फूट मागे सरकावं लागतं. जुनी केबिन बेकायदा नाही. 'नॉनकन्फॉर्मिंग' (आजच्या नियमांत न बसणारं पण आधीपासूनचं बांधकाम) म्हणून आहे तिथे राहू शकते.

मालक सत्तरीतले गृहस्थ आहेत. जागा बघायला गेले तेव्हा त्यांनी टॉर्च हातात दिला आणि मी जमिनीखालच्या पोकळीत वाकून पाहिलं. सिमेंटचे ब्लॉक तळ्याच्या दिशेला कललेत आणि मधली तुळई इतकी कुजलीय की पेनाचं टोक सहज आत गेलं. पाया बदलायलाच हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

अडचण नकाशात आहे. अर्जावर 'दुरुस्ती' लिहिलंय, पण नवा पाया दोन फूट उंच दाखवलाय. छपराचा उतार १२ ला ४ (आडव्या १२ इंचांमागे ४ इंच चढ) होता, तो १२ ला ९ होतोय आणि त्याखाली खिडकीसकट माळा निघतोय. ठेकेदाराचं म्हणणं, "जमिनीवरचं माप इंचभरही वाढत नाही, मग विस्तार कसला?" राज्याच्या कायद्यात (कलम ४६२.३५७) दुरुस्ती, बदली, सुधारणा सगळं चालतं, विस्तार मात्र शहराने मुभा दिली तरच. आमच्या शहराच्या नियमांत विस्ताराची व्याख्याच नाही! मला तरी वाढलेली उंची आणि राहण्याजोगी वाढलेली जागा हा विस्तारच वाटतो. तुमच्याकडे हे कसं मोजतात? क्षेत्रफळावर की घनफळावर?

दुसरा घोळ ५० टक्क्यांचा. एक जुने सदस्य ठामपणे सांगतात की दुरुस्तीचा खर्च निम्म्या किमतीच्या वर गेला की परवानगी नाही. मी कायदा दोनदा वाचला. त्यातले ५० टक्के आग किंवा तशाच आपत्तीसाठी आहेत: निम्म्याहून जास्त किमतीचं नुकसान झालं आणि १८० दिवसांत परवान्याचा अर्ज केला नाही, तर हक्क जातो. खर्चाचे ५० टक्के येतात ते पूरविम्याच्या नियमांतून, तेही घर पूरक्षेत्रात असेल तर. म्हणून मी आधी सर्व्हे मागवलाय. माझं वाचन बरोबर आहे ना? जाणकारांनी कृपया तपासून सांगा, कारण चुकीच्या कारणाने त्या गृहस्थांना नकार गेला तर फार वाईट वाटेल.

आणि मला खरी काळजी आहे ती खोदकामाची. इथे जमीन गोठते म्हणून पाया ६० इंच खाली न्यावा लागतो. पाण्यापासून २८ फुटांवर, उतारावर, पाच फूट खोल चर! दर उन्हाळ्यात मी बोटीतून पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडते आणि ती किती खोलवर दिसेनाशी होते ते लिहून ठेवते. जोराचा पाऊस झाला की त्या कोपऱ्यात ती लवकर गडप होते. गाळ अडवायला कापडी कुंपण पुरेल, की माती रोजच्या रोज वर, रस्त्याच्या बाजूला हलवायची अट घालावी? काठावर स्थानिक झाडोरा लावून घ्यायची अट कोणी घातलीय का, आणि ती टिकली का?

मुंबईत चाळींच्या 'टेनंटेबल रिपेअर'ची (जुनी इमारत राहण्याजोगी ठेवण्यापुरत्या दुरुस्तीची) प्रकरणं हाताळलेले इंजिनिअर इथे असतील तर त्यांनीही लिहावं. कायदा वेगळा असला तरी प्रश्न तोच आहे.

अर्ज येऊन ३८ दिवस झालेत. ६० दिवसांत निर्णय दिला नाही तर अर्ज मंजूर धरला जातो. लेखी कळवून आणखी ६० दिवस घेता येतात, पण हिवाळ्याआधी पाया झाला नाही तर केबिनचं काही खरं नाही. म्हणून पाया आणि तुळईला आत्ताच मंजुरी द्यावी आणि माळ्यासाठी वेगळा अर्ज मागवावा, असं सुचवायचा विचार आहे. अशी फोड करून मंजुरी दिल्याचा अनुभव कुणाला आहे का? नाव-पत्ता काढून नकाशातली मापं व्यनितून पाठवू शकते.