मदत हवी आहे: शेजारच्या गृहप्रकल्पाचे पावसाळी पाणी आणि आमची घरे

उताराखाली
आमच्या घरांना लागून असलेल्या मोकळ्या जमिनीवर मोठा गृहप्रकल्प प्रस्तावित आहे. त्याच्या आराखड्यात पावसाळी पाण्याविषयी केवळ एवढेच म्हटले आहे की ते सध्याच्या नाल्यात सोडले जाईल. जोराच्या पावसात तो नाला आजच तुडुंब भरतो. हरकत नोंदवण्याची मुदत संपत आली आहे. हरकतीत नेमके काय लिहिले म्हणजे ती बाजूला सारता येणार नाही? कृपया लवकर सांगावे.

निचरा_अभ्यासक
जमीन तुमच्या वरच्या अंगाला आहे की खालच्या, तिचे क्षेत्रफळ किती, आज तिच्यावर काय आहे आणि नाला पुढे कुठे अडतो, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. त्याशिवाय उत्तर देणे म्हणजे अंदाज बांधणे होईल.

मोठा_पाइप
मोठा पाइप टाकण्याची अट घालायला लावा. उतार तोच ठेवून व्यास 300 मिलिमीटरवरून 600 केला, तर वहनक्षमता सहापटीहून अधिक होते. आमच्या वसाहतीत हेच केले आणि तेव्हापासून पाणी साचलेले नाही.

निचरा_अभ्यासक
पाइप पाणी नाहीसे करत नाही, ते अधिक वेगाने खाली पोहोचवतो. खालची मोरी, म्हणजे रस्त्याखालून पाणी जाण्याची वाट, अपुरी असेल तर वरचा मोठा पाइप त्या मोरीपाशी राहणाऱ्यांचे नुकसानच वाढवेल. आपल्या वसाहतीच्या खाली कोणाकडे पाणी साचू लागले, हे आपण पाहिले आहे का?

जुना_रहिवासी
सांडपाण्याच्या वाहिनीला एकदिशा झडप बसवून घ्या आणि जोत्याला जलरोधक गिलावा करा. पाणी उलटे घरात येणार नाही.

उताराखाली
झडपेविषयी मी विचारलेले नाही. मला हरकत लिहायची आहे. जमीन अर्थातच वरच्या अंगाला आहे, नाहीतर काळजीचे कारणच नव्हते. क्षेत्र सुमारे 4 हेक्टर असून सध्या तेथे गवत आहे. नाला आमच्या घरांमागून जातो आणि पुढे रस्त्याखालच्या मोरीतून जातो. पाणी तुंबते ते त्या मोरीच्या तोंडाशी.

निचरा_अभ्यासक
आता बोलता येईल. लहान क्षेत्रासाठी ढोबळ हिशेब असा करतात: अपवाह गुणांक (पडलेल्या पावसापैकी न मुरता वाहून जाणारा हिस्सा), ताशी मिलिमीटरमधील पाऊस आणि हेक्टरमधील क्षेत्र यांचा गुणाकार करून त्याला 360 ने भागले की सेकंदाला किती घनमीटर पाणी वाहील ते मिळते. ताशी 60 मिलिमीटर पाऊस धरला आणि गवताळ जमिनीचा गुणांक 0.3 घेतला, तर सेकंदाला 200 लिटर येतात. छपरे, रस्ते आणि फरसबंदीमुळे तोच गुणांक 0.75 झाला, तर 500 लिटर. शिवाय गुळगुळीत पृष्ठभागावरून पाणी लवकर एकवटत असल्याने कमी वेळ पडणारी, पण अधिक तीव्र सरही मोरीवर भार टाकू लागते. म्हणून विकासकाने बांधकामापूर्वीचा आणि नंतरचा कमाल प्रवाह वेगवेगळ्या तीव्रतेच्या पावसांसाठी मांडावा आणि मोरीची क्षमता त्याच्याशी ताडून दाखवावी, अशी मागणी करा. केवळ 'पाणी शिरेल' असे लिहिलेत तर 'शिरणार नाही' एवढेच उत्तर मिळेल.

भूजलमित्र
एवढ्या गणिताची गरज नाही. प्रत्येक इमारतीला शोषखड्डा सक्तीचा करा, पाणी जमिनीत मुरेल.

निचरा_अभ्यासक
माती चिकण असेल किंवा पावसाळ्यात भूजल पातळी वर येत असेल, तर ज्या दिवशी गरज आहे त्याच दिवशी शोषखड्डा भरलेला असतो. मुरण्याची चाचणी केल्याशिवाय त्याच्यावर भिस्त ठेवू नये. येथे साठवण तळे हवे, ज्याचे तोंड लहान असल्याने पाणी सावकाश बाहेर पडते.

भूजलमित्र
तळे कमाल प्रवाह कमी करते, वाहून जाणारे एकूण पाणी नव्हे. शिवाय तळ्यातून उशिरा सुटणारे पाणी आणि नाल्याचा स्वतःचा पूर एकाच वेळी मोरीपाशी आले, तर तळे असूनही तुंबणारच.

निचरा_अभ्यासक
हा मुद्दा मान्य आहे आणि तोही हरकतीत यावा. तळ्याचा विसर्ग संपूर्ण पाणलोटाच्या प्रवाहासह तपासावा, असे लिहावे.

नकाशावाचक
सर्वांनी भराव विसरला आहे. प्रकल्पाची जमीन उचलली गेली तर आज पसरून येणारे पाणी एका कोपऱ्यातून तुमच्या कुंपणावर येईल. समोच्च रेषांच्या (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांच्या) नकाशावर प्रस्तावित पातळ्या, आणि तळे भरून वाहू लागल्यावर पाणी कोणत्या वाटेने जाईल, या दोन्ही गोष्टी दाखवायला सांगा. ती वाट घरांमधून जात असेल, तर तुमचा सर्वांत भक्कम आक्षेप तोच ठरेल.

उताराखाली
आराखड्यात आमच्या बाजूला संरक्षक भिंत दाखवलेली आहे, म्हणजे भराव असणारच. पण पातळ्या कुठेच दिलेल्या नाहीत. दोन्ही प्रवाहांचे आकडे, मोरीची क्षमता, पातळ्या आणि तळ्याचा विसर्ग, या क्रमाने आजच हरकत लिहितो. तळ्यातील गाळ पुढे कोणी काढायचा, याची अट कशी घालावी, हे मात्र कोणीतरी सांगावे.

निचरा_अभ्यासक
देखभालीची जबाबदारी कोणाची, हे मंजुरीच्या अटींतच नमूद व्हावे आणि घरे ताब्यात देण्यापूर्वी तळे पूर्ण झालेले असावे, असे लिहा. बांधकामाच्या काळात उघड्या मातीचा गाळ नाल्यात येऊ नये, म्हणून गाळ अडवण्याची तात्पुरती व्यवस्था पहिल्या खोदकामापूर्वी करावी, हेही जोडा. मोरीची रुंदी व उंची मोजून आणि तुंबलेल्या पाण्याची छायाचित्रे तारखेसह हरकतीला जोडलीत, तर उत्तम.