दुसरा पॉवर सप्लाय काढून कपाटात ठेवायचा? अजिबात नाही!

टिळकवाडीकर:
काल इथे एकाने सल्ला दिला: 'सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय (मेनची वीज यंत्राला चालेल अशी करून देणारे डबे) म्हणजे विजेची नासाडी. एक काढा, कपाटात ठेवा, बिल उतरेल.' तिघांनी लगेच 'करून बघतो' म्हटलं, म्हणून लिहायला बसलो.

हिशेबाची अर्धी बाजू खरी आहे. ३०० वॉटचा भार ८०० वॉटच्या दोन सप्लायवर वाटला की प्रत्येक जण क्षमतेच्या २० टक्क्यांच्याही खाली चालतो; एकावरच टाकला तर तो ३७ टक्क्यांवर. प्लॅटिनम (कार्यक्षमतेची एक वरची श्रेणी) सप्लाय ५० टक्के भाराला ९४ टक्के कार्यक्षमता देतो, २० टक्क्यांना ९०. म्हणजे दोन्ही चालवले की सर्व्हरमागे दहा-अकरा वॉट फुकट, वर्षाला शंभरेक युनिट. पण त्यासाठी सप्लाय उपसायचा कशाला? बऱ्याच सर्व्हरांत दुसरा राखीव ठेवायचं सेटिंग असतं. भार एकावर, दुसरा झोपलेला. पहिला गेला की तो लगेच ओझं घेतो. ब्लेडच्या (पातळ, पाटीसारख्या सर्व्हरांच्या) एन्क्लोजरमध्येही, म्हणजे त्यांच्या सामायिक खोक्यातही, लागतील तेवढेच सप्लाय जागे ठेवता येतात. रात्री दोनला सप्लाय उडाला तर कपाटातला कोण बसवणार?

उद्यमबाग_शेड:
सल्ला माझाच. तुमचं मोठ्या ऑफिसचं गणित आहे. माझ्याकडे शेडमध्ये दोन सर्व्हर, एकच यूपीएस. दोन्ही वायरी शेवटी त्यालाच. यूपीएस बसला की दोन्ही सप्लाय एकदम गेले, मग दुसरा कशाला पोसू? वीज गेल्यावर वीस वॉट वाचले तर बॅटरी थोडी जास्त पुरते, मला ते महत्त्वाचं.

टिळकवाडीकर:
यूपीएस बसला तर, मान्य. पण सप्लायच जळला तर? पंखा अडकतो, कपॅसिटर फुगतो. एक वायर यूपीएसला, दुसरी सरळ मेनला लावा की.

उद्यमबाग_शेड:
शेजारी फाउंड्री आहे हो! भट्टी सुरू झाली की दिवे मिचमिचतात. त्या मेनला सर्व्हर लावू?

निपाणी_वायरमन:
मेनचं नंतर, आधी अर्थिंग बघा. सगळे टक्के मोजत बसलाय, न्यूट्रल-अर्थमध्ये किती व्होल्ट येतात ते कुणी मोजलंय? एका ठिकाणी मला तब्बल १८ मिळाले. मालक सप्लायला शिव्या घालत होता. अर्थिंगचा खड्डा उघडला तर ठणठणीत कोरडा.

खानापूर_बाजूची:
दादा, जांभ्यात खड्डा मारून बघा एकदा. पाणी ठरतच नाही. पावसाळ्यात अर्थिंग झकास, एप्रिलात बोंब. मीठ-कोळसा भरला, दोन वर्षांत पट्टी गंजून गेली.

निपाणी_वायरमन:
मीठ घातलंत म्हणूनच गंजली, ताई. तांब्याचा रॉड आणि भोवती बेंटोनाइट माती घालायची, ती ओल धरून ठेवते.

खानापूर_बाजूची:
आमच्या वायरमननं सांगितलं तेच केलं. पैसे आमचे गेले आणि आता चूकही आमचीच का? तुमच्यातलेच लोक घरोघरी मीठ ओतत फिरतात, आधी त्यांना सांगा.

टिळकवाडीकर:
अहो, धागा सप्लायचा आहे!

निपाणी_वायरमन:
सप्लायचंच बोलतोय. त्यातल्या फिल्टरचे कपॅसिटर लाइन आणि न्यूट्रलवरून बॉडीला, म्हणजे अर्थला जोडलेले असतात. अर्थ तुटला की कॅबिनेटवर मेनच्या निम्मे, ११५ च्या आसपास व्होल्ट येतात. हात लावला की चिमटा बसतो. दोन सप्लाय, तर अर्थकडे जाणारी विजेची गळतीही दुप्पट. ताई, त्या वायरमनचं चुकलंच, तुमच्यावर बोललो ते मागे घेतो.

शहापूर_पेठ:
मी हे भोगलंय. एन्क्लोजरला सहा सप्लाय, तीन एका फीडवर (विजेच्या एका स्वतंत्र लाइनवर), तीन दुसऱ्या. भार चार सप्लायचा, सेटिंग एन प्लस वन, म्हणजे गरजेपेक्षा एक जास्त. जुलैच्या पावसात एक फीड गेला. चौघांचं ओझं तिघांवर आलं आणि सोळाही ब्लेड एका झटक्यात बंद. एन प्लस वन सप्लाय जळण्यापुरतं ठीक. फीड गेला तरी तगायचं तर एन प्लस एनच, म्हणजे गरजेच्या दुप्पट; अख्खा भार तिघांत मावला पाहिजे. सहा सप्लाय बघून आम्ही निर्धास्त होतो.

टिळकवाडीकर:
बरोबर. आणि एकाच फीडवर दोन सप्लाय लावणाऱ्याला फीडचं संरक्षण नाही, हे उद्यमबागवाल्यांचं म्हणणंही मला मान्य करावं लागतंय. त्यांचा उपाय तेवढा पटत नाही.

उद्यमबाग_शेड:
सप्लाय परत बसवतो, राखीवचं सेटिंगही करतो. युनिटं वाचतातच म्हटल्यावर माझा हट्ट नाही. पण दोन्ही वायरी यूपीएसलाच राहतील. मेनला लावायचं ते खड्डा मोजून झाल्यावर बघू.

निपाणी_वायरमन:
मोजाल तेव्हा सगळा भार चालू ठेवा. बंद असताना मीटर शून्याजवळच राहील.