मदत हवी आहे : कादंबरी, सिनेमा पुरावा म्हणून कसा धरायचा?

नमस्कार मंडळी. मी धाराशिवकडची, एम.ए. इतिहास करतेय. विषय घेतलाय रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांच्या, काळातली आमच्याकडची गावं. १३ सप्टेंबर १९४८ला भारताची फौज हैदराबाद संस्थानात आली, १७ला निजाम शरण आला, हे कागदांत मिळतं. पण लोक रातोरात निजामाच्या हद्दीबाहेर बार्शीकडं निघाले तेव्हा सोबत काय घेतलं, हे कागद सांगत नाही. आजी सांगते, तिच्या आईनं जात्याचा खुंटा घेतला. जातं उचलेना, म्हणून नुसता खुंटा!

हेच कादंबरीत आलं की आमचे सर म्हणतात, "ही कल्पना, पुरावा नव्हे." मला वाटतं घटनेसाठी नसेल, पण हाली रुपया (निजामाचं चलन), शाळेतलं उर्दू, बोलण्यातली धास्ती यासाठी चालायला हवी. सिनेमाचं अवघड आहे. तो ज्या साली निघाला त्या सालाबद्दलच जास्त बोलतो.

कुणी असं काम केलंय का? कथेतला तपशील कशाशी ताडून बघायचा? जात्यावरच्या ओव्या चालतील? आणि त्या रेकॉर्ड कशा करायच्या तेही सांगा, कारण फोन समोर धरला की आजी गप्पच बसते.