मृत्यूबद्दल वाचायचंय, पण घाबरवणारं नको आणि गोडगोड तर नकोच

ओसरीवरची:
नमस्कार मंडळी. मध्यंतरी सासरे गेले. दिवस होईपर्यंत गुरुजी संध्याकाळी गरुडपुराण वाचायला यायचे. वैतरणी, यमदूत, कुठल्या पापाला कुठला नरक, आणि मध्येमध्ये गोदान, शय्यादान, छत्री-चपला. सासूबाई भिंतीला टेकून ऐकायच्या. एकदा मला हळूच म्हणाल्या, "ह्यांनी जमिनीच्या भांडणात खोटी साक्ष दिली होती गं. त्याचं काय होत असेल?" मला काही बोलता येईना.
तर असं काही सुचवा जे आम्हा दोघींना वाचता येईल. त्या सातवीपर्यंत शिकल्या, हरिपाठ तोंडपाठ. मोठ्याने मी वाचणार. धार्मिक चालेल, नास्तिकाचं चालेल, परदेशी चालेल. फक्त 'आत्मा अमर आहे, शोक करू नका' म्हणून मोकळं होणारं नको. आणि मरून परत आलेल्यांचे अनुभव अजिबात नकोत.

पोथीनिष्ठ:
नामदेव गाथेतलं ज्ञानेश्वरांच्या समाधीचं प्रकरण. डोळे झाकून घ्या.
शके १२१८ (सन १२९६), कार्तिक वद्य त्रयोदशी, आळंदी. समाधी घेणारा एकविशीतला, आणि त्याला हात धरून आत नेणारा थोरला भाऊ हाच त्याचा गुरू. म्हणजे देह नाशिवंत, आत्मा अविनाशी हे ज्याने शिकवलं तोच निवृत्ती. आणि तोच कोसळतो:
"बांधल्या तळ्याचा फुटलासे पाट । ओघ बारा वाट मुरडताती"
पुढे तर म्हणतो की मायबापांनी आम्हाला टाकलं तेव्हाही असं संकट आलं नव्हतं. यांच्या आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतल्याची कथा ठाऊक असेल तर ही ओळ नुसती वाचूनही पुढे जाववत नाही. नामदेव त्याला गप्प करत नाहीत, तत्त्वज्ञान सांगत नाहीत. उलट देवालाच म्हणतात, निवृत्तीचं समाधान कर. सगळ्या संतमंडळींत एकालाही 'रडू नकोस' म्हणायचं सुचत नाही, हे मला फार मोठं वाटतं.
गाथेतले कुठले अभंग नक्की नामदेवांचे यावर अभ्यासकांत वाद आहेत. तुम्हाला त्याच्याशी काही देणंघेणं नाही.

चकली:
पोथीनिष्ठ काकांना अनुमोदन. रुमाल घेऊन बसा.

तर्कटराव:
सासूबाईंसाठी नाही, तुमच्यासाठी. गिल्गामेश. मेसोपोटेमियातलं महाकाव्य, मातीच्या पाट्यांवर कोरलेलं. मित्र एन्किडू मरतो आणि गिल्गामेश त्याचं प्रेत पुरू देत नाही, नाकातून अळी पडेपर्यंत. मग अमरपणाच्या शोधात पार जगाच्या टोकाला जातो. पुन्हा तरुण करणारी वनस्पती हाती लागते, ती आंघोळीला उतरल्यावर साप पळवतो. रिकाम्या हाताने गावी येतो आणि सोबतच्या नावाड्याला म्हणतो, ही बघ उरुकची तटबंदी, विटा कशा भाजल्यात बघ. बस. स्वर्ग नाही, मोक्ष नाही, विटा.
दुसरं, टॉलस्टॉयचं इव्हान इलिच (१८८६). मरणाऱ्याला सगळ्यात जास्त छळतं ते घरच्यांचं 'तुम्ही बरे व्हाल' हे नाटक. एकटा गेरासिम नावाचा गडी खोटं बोलत नाही, रात्रभर त्याचे पाय स्वतःच्या खांद्यावर धरून बसतो. आजारपण ताजं असेल तर थोडं थांबून वाचा.

शिळोप्याच्या:
गरुडपुराणाला एवढं झोडपू नका हो. त्या दिवसांत घर खायला उठतं. संध्याकाळी चार माणसं एका जागी बसतात, कुणीतरी वाचतं, वेळ सरतो. आणि घरोघरी वाचतात तो बहुतेक सारोद्धार (त्याचा संक्षेप) किंवा प्रेतकल्प (मरणानंतरचा भाग). मूळ पुराणात रत्नपरीक्षा, वैद्यक असलं बरंच काही आहे.

ओसरीवरची:
@शिळोप्याच्या, बसण्याबद्दल पटलं. माणसं जमायची त्याचा आधार होताच. पण त्या साक्षीच्या प्रश्नाने सासूबाईंची झोप उडाली होती, त्यावर गुरुजींकडे उत्तर होतं ते आणखी एका दानाचं.

शांतिपर्ववाली:
दानाचा विषय निघालाच आहे तर कठोपनिषद. सुरुवातच तिथे आहे. पाणी पिऊन झालेल्या, गवत खाऊन झालेल्या, दूध आटलेल्या गाई बाप यज्ञात दान करतोय आणि पोरगं बघतंय. नचिकेत विचारतो, मला कुणाला देणार? बाप चिडून म्हणतो, मृत्यूला. यम घरी नाही, म्हणून पोरगं तीन रात्री दाराशी उपाशी. आल्यावर यमच ओशाळतो आणि तीन वर देतो. तिसरा प्रश्न येतो, मेल्यावर माणूस असतो की नसतो? यम म्हणतो, शंभर वर्षं जगणारी मुलं-नातवंडं माग, हत्ती-घोडे माग, सोनं माग, पण मरणाचं विचारू नकोस. खुद्द यम टाळाटाळ करतो! शेवटी उत्तर देतो ते 'आत्मा अमर'चंच, पण फुकट देत नाही.
याहून तुमच्या कामाची गोष्ट महाभारताच्या शांतिपर्वात आहे, फारशी कुणी सांगत नाही. युद्ध संपल्यावर युधिष्ठिर भीष्मांना विचारतो, हे सगळे राजे मेले म्हणतात, तर मृत्यू म्हणजे कोण? त्यावरची कथा. मृत्यू ही इथे बाई आहे. ब्रह्मदेव तिला माणसं मारायला सांगतो आणि ती रडायला लागते. नको म्हणते, लहान पोरांना, म्हाताऱ्यांना मी कशी नेऊ? ब्रह्मदेव तिचे अश्रू ओंजळीत धरतो. हे काम टळावं म्हणून ती युगानुयुगं तप करते. शेवटी त्याच अश्रूंचे रोग होतात आणि तिच्यावर दोष येणार नाही असं ठरतं. गरुडपुराणातल्या दंडधारी यमदूतांशेजारी ही रडणारी मृत्यू ठेवून बघा. सासूबाईंना ही नक्की सांगा.

वसईची पोर:
आमच्याकडे बायबलातला उपदेशक. तिसरा अध्याय, 'जन्माचा समय, मरणाचा समय' हा सगळ्यांना ठाऊक असतो, पण नववा वाचा. नीतिमान आणि दुष्ट, दोघांची गत एकच, असं सरळ लिहिलंय. जिवंत कुत्रा मेलेल्या सिंहापेक्षा बरा, हेही तिथलंच. धर्मग्रंथात हे बसलं कसं, असं वाटावं इतकं रोखठोक.
फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण (१६१६, रायतूर) ओवीबद्ध आहे. कानाला सासूबाईंना परकं वाटणार नाही.

गावकूस:
बहिणाबाई राहिल्या की! "अरे जगनं-मरनं एका सासाचं अंतर." समजावून सांगावं लागत नाही.
आणि तुकोबांचं "आपुलें मरण पाहिलें म्यां डोळां". त्यात पुढे आहे "फिटलें सुतक जन्ममरणाचें". तुमच्या घरी नुकतंच सुतक फिटलंय म्हणून ते लगेच कळेल. पण खरं सांगू का, ताज्या दुःखात हा अभंग मला झेपला नव्हता. तो स्वतःच्या मरणाचा आहे, दुसऱ्याच्या नाही.
तांब्यांचं "नववधू प्रिया, मी बावरते" मृत्यूवर आहे हे कळल्यावर मी उडालेच होते. लोक लग्नाच्या कार्यक्रमात लावतात!

ओसरीवरची:
सगळ्यांचे आभार. रडणाऱ्या मृत्यूची गोष्ट सांगितली. सासूबाई म्हणाल्या, "मग तिलाच का लावलं त्या कामाला?" उत्तर असेल तर द्या.
समाधीचे अभंग चालू आहेत. रोज थोडे, कारण त्याच मध्ये थांबवतात. निवृत्तीचं पुढे काय झालं, हे त्यांना आत्ताच हवंय.

पोथीनिष्ठ:
सोपानदेव सासवडला, मुक्ताबाई तापीकाठी मेहूणला, आणि सगळ्यात शेवटी निवृत्तिनाथ त्र्यंबकेश्वरी. धाकट्या तिघांना पोचवून मग थोरला गेला. हीसुद्धा प्रकरणं गाथेतच आहेत, ज्ञानेश्वरांच्या समाधीला लागूनच. अर्थासकट प्रत हवी असेल तर आळंदीला देवळाबाहेरच्या दुकानांत विचारा, आणि घेण्याआधी ही चारही प्रकरणं आत आहेत ना ते उघडून बघा. निवडक अभंगांच्या पुस्तकांत नेमकी शेवटची गाळलेली असतात.