मर्ल ओबेरॉनने मुंबई लपवली, म्हणून तिला दोष द्यायचा का?

मधुरा_गिरगाव

परवा एका ग्रुपवर जुन्या हॉलिवूडची नटी मर्ल ओबेरॉन हिचा जुना फोटो फिरत होता आणि खाली कुणीतरी लिहिलेलं, 'मुंबईत जन्मली, पण स्वतःच्या आईला मोलकरीण म्हणून मिरवणारी बाई'. त्याखाली नुसता शिव्यांचा भडिमार. मला ते वाचून इतका राग आला की म्हटलं इथे नीट मांडूया.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एस्टेल मर्ल ओब्रायन थॉम्पसन, जन्म मुंबई, १९ फेब्रुवारी १९११. त्याच वर्षी राणी मेरी भारतात आली म्हणून घरात लाडाचं नाव क्वीनी. वडील इंग्रज, रेल्वेत मेकॅनिकल इंजिनियर. जिला ती आई म्हणायची ती शार्लट सेल्बी, मूळची सिलोनची, मिश्र वंशाची, रंगाने सावळी. खरं म्हणजे शार्लट ही तिची आजी होती, जन्म दिला होता शार्लटच्या मुलीने, कॉन्स्टन्सने, आणि तीही बारा-चौदा वर्षांची असताना. घरातली अब्रू झाकायला आजीने नातीला मुलगी म्हणून वाढवलं. म्हणजे लपवाछपवी हिच्या जन्माआधीच सुरू झालेली, तिने काही ती शोधून काढलेली नाही.

१९१७ च्या सुमारास मायलेकी कलकत्त्याला गेल्या. तिथल्या ला मार्टिनिअर शाळेत स्कॉलरशिपवर प्रवेश मिळाला, पण पोरींनी मिश्र रक्तावरून इतकं छळलं की शाळा सोडली. मग टेलिफोन ऑपरेटरची नोकरी, हौशी नाटकं, आणि वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी युरोप. लंडनमध्ये निर्माता-दिग्दर्शक अलेक्झांडर कोर्डाने तिला १९३३ च्या इंग्लंडच्या राजा हेन्री आठव्यावरच्या सिनेमात त्याची राणी अ‍ॅन बोलिन हिचा छोटा रोल दिला आणि तिथून गाडी सुटली. मर्ल ओबेरॉन हे नाव आणि 'जन्म टास्मानियात, वडील शिकारीत वारले, मग भारतात बड्या घरच्या नातेवाइकांनी वाढवलं' ही कहाणी त्याच काळातली. टास्मानिया अशासाठी की ते ऑस्ट्रेलियाचं बेट, लंडन-अमेरिकेपासून इतकं लांब की तपासायला कोण जाणार!

१९३५ च्या 'द डार्क एंजल'साठी तिला ऑस्करचं बेस्ट अ‍ॅक्ट्रेस नॉमिनेशन मिळालं. २०२३ ला मलेशियन नटी मिशेल योला हेच नॉमिनेशन मिळालं त्या वेळी 'पहिली आशियाई' म्हणून बातम्या आल्या तेव्हा हिचंच नाव निघालं आणि मग पेपरवाल्यांना 'स्वतःला आशियाई म्हणवणारी पहिली' अशी दुरुस्ती करावी लागली.

माझं म्हणणं एवढंच आहे की ती खरं बोलली असती तर यातलं काहीही झालं नसतं. दोष द्यायचाच तर ज्या व्यवस्थेने खोटं बोलायला लावलं तिला द्या.

सदानंद_के

तुमची तळमळ कळते पण एवढी सरसकट माफी मला पटत नाही. हॉलिवूडची नटी अ‍ॅना मे वाँग घ्या. १९०५ ला लॉस एंजेलिसला जन्मलेली, चिनी आईबापाची, त्याच काळात त्याच शहरात काम करणारी. तिने कधी म्हटलं का की मी चिनी नाही? तोंडावर नकार पचवले, चेहरा तोच ठेवला. १९३६ ला तर उलट चीनला जाऊन आपली मुळं बघून आली. आणि इकडे मर्ल चेहऱ्याला रंग उडवणारी क्रीमं चोपडत होती. परिस्थिती दोघींना सारखीच, निवड वेगळी. माणसाला निवड असते हे मान्य करा, नाहीतर जगात कुणालाच कशाचाच जाब विचारता येणार नाही.

मधुरा_गिरगाव

@सदानंद_के, वाँगचं उदाहरण तुम्ही दिलंत, पण तिचं पुढे काय झालं ते पण सांगा ना. 'द गुड अर्थ' हा चिनी शेतकऱ्यांवरचा सिनेमा १९३७ चा, हिरो पॉल म्यूनी, म्हणजे गोरा माणूस चिनी मेकअपमध्ये. मग त्याची बायको खरी चिनी चालेना, कारण पडद्यावर दोन वंशांची जोडी दाखवायची नाही. हेज कोडमध्ये, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचं नाही याच्या हॉलिवूडच्या नियमावलीत, लिहिलेलं गोऱ्या-काळ्यांबद्दल, पण स्टुडिओवाले आशियाईंनाही तेच लावायचे. तो रोल गेला लुईझ रायनरला आणि तिला त्यावर ऑस्कर मिळालं. वाँगला काय देऊ केलं तर घर फोडणाऱ्या दुसऱ्या बाईचा रोल, तो तिने धुडकावला, मानलं तिला. पण हीच किंमत होती खरं बोलायची. मर्लने तिशीच्या दशकात 'मी मुंबईची अँग्लो-इंडियन' असं म्हटलं असतं तर तिला हिरॉईन कुणी केलं असतं, सांगा?

आणि हे फक्त सिनेमापुरतं नव्हतं. १९१७ च्या अमेरिकन कायद्याने भारतासकट जवळजवळ सगळ्या आशियातल्या लोकांना येऊन राहायलाच बंदी होती. १९२३ ला भगतसिंग थिंद केसमध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टाने भारतीय माणूस 'गोरा' नाही म्हणून नागरिक होऊ शकत नाही असं सांगितलं. हे बदललं १९४६ ला. तोवर तिचं अर्धं करिअर होऊन गेलेलं.

भुसावळचा_पोर

आमच्याकडे रेल्वे कॉलनीत अँग्लो-इंडियन कुटुंबं होती, माझ्या आजोबांच्या पिढीने ती जवळून पाहिली. त्यांची कोंडी बाहेरच्याला कळत नाही. साहेब त्यांना आपल्यातलं मानायचा नाही, आणि आपले लोक तरी कुठे मानत होते, आपण पण त्यांना नावंच ठेवायचो. घरात एक भाऊ गोरा दुसरा सावळा निघाला की गोऱ्याला इंग्लंडला पाठवायची धडपड आणि सावळा इथेच. त्यामुळे 'तिने आपल्याला नाकारलं' असं आज आपण म्हणतो तेव्हा मला प्रश्न पडतो की १९१५ च्या मुंबईत तिला आपलं म्हणणारं कोण होतं? मधुराताईंशी पूर्ण सहमत.

रेवती_डी

मला तर वेगळाच मुद्दा मांडायचाय आणि तो सुलोचनाचा. म्हणजे मूकपटांची सुलोचना, रुबी मायर्स, आपल्या पुण्यात १९०७ ला जन्मलेली बगदादी ज्यू मुलगी. ती पण टेलिफोन ऑपरेटर होती! दोघी जवळजवळ एकाच वयाच्या, दोघींची पहिली नोकरी एक. रुबी मुंबईतच राहिली, आधी कोहिनूर मग इम्पीरियल या फिल्म कंपन्यांत, १९२७ च्या 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'मध्ये एकटीने आठ भूमिका केल्या, बोलपट आला तेव्हा हिंदुस्तानी येत नव्हती तर मध्ये थांबून भाषा शिकली आणि परत आली. १९७३ ला फाळके पुरस्कार. नाव बदलावं तिलाही लागलंच, पण आपली माणसं कोण हे लपवावं लागलं नाही.

तेव्हा 'दुसरा मार्गच नव्हता' हे काही मला पटत नाही. अँग्लो-इंडियन आणि ज्यू मुलींना तेव्हा मुंबई-कलकत्त्याच्या सिनेमाने डोक्यावर घेतलं होतं, कारण आपल्या घरंदाज म्हणवणाऱ्यांच्या मुली कॅमेऱ्यासमोर यायला तयार नव्हत्या. कलकत्त्यात पेशन्स कूपर होती, सीतादेवी म्हणजे रेनी स्मिथ होती. मर्ल त्याच शहरात होती. तिला जायचं होतं ते गोऱ्यांच्या जगात, तिथली राणी म्हणून. महत्त्वाकांक्षा वाईट नाही, पण ती मजबुरी म्हणून सांगू नका.

मधुरा_गिरगाव

@रेवती_डी, हा मुद्दा जोरदार आहे. पण मुलीला इंग्लिश सिनेमात काम करायचंय, तिची भाषा इंग्लिश, तिने वाढताना बघितलेले सिनेमे इंग्लिश, तर तिने ते स्वप्नच बघू नये का? रंग आडवा येतो म्हणून स्वप्न बदलायचं हे आपण आज कुठल्या मुलीला सांगू?

प्रकाश_लाइटवाला

मी सीरियलच्या सेटवर लाइटिंगमध्ये काम करतो, त्यामुळे मला हिचं नाव वेगळ्याच कारणाने माहीत. कॅमेऱ्याच्या लेन्सजवळ अगदी चिकटून एक छोटा लाइट लावतात, त्याला 'ओबी' म्हणतात. हा ओबी म्हणजे ओबेरॉनमधला ओबी. १९३७ ला लंडनमध्ये तिच्या गाडीला अपघात झाला, चेहऱ्यावर जखमा झाल्या, त्यात 'आय, क्लॉडियस' नावाचा सिनेमा अर्धवट बंद पडला तो कायमचाच. नंतर औषधाच्या रिअ‍ॅक्शनने त्वचा आणखी बिघडली. १९४४ च्या 'द लॉजर'च्या वेळी कॅमेरामन ल्युसियन बॅलार्डने हा लाइट बसवला, आणि पुढच्या वर्षी त्याने आणि मर्लने लग्न केलं.

हे काम कसं करतं ते सांगतो. वरून किंवा बाजूने लाइट मारला की चेहऱ्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला, व्रणाला स्वतःची सावली पडते, आणि आपल्याला दिसते ती खरं तर ती सावली. लाइट लेन्सच्याच रेषेत समोरून आला की सावली व्रणाच्या मागे पडते, कॅमेऱ्याला दिसतच नाही, चेहरा सपाट आणि उजळ. डोळ्यात एक ठिपका चमकतो तो वेगळाच. पण एक गोची आहे, मान जरा जास्त वळवली किंवा ती मार्कवरून हलली की सगळं उघडं पडतं. म्हणजे त्या बाईने कॅमेऱ्यासमोर श्वास घेताना पण कोन सांभाळलाय. तिला नुसती नशीबवान सुंदरी म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

सदानंद_के

प्रकाशराव, माहिती फार सुंदर, हे मला अजिबात ठाऊक नव्हतं. पण कष्ट घेतले म्हणून सगळं माफ होतं का? शार्लटचा विचार करा. जिने वाढवलं, जी लंडनला सोबत आली, तिला पाहुण्यांसमोर घरातली बाई म्हणून वावरावं लागलं असं सांगतात. १९३७ ला ती गेली. आणि १९४९ ला मर्लने जुन्या फोटोवरून तिचं चित्र काढून घेतलं आणि चित्रकाराला सांगितलं की रंग उजळ कर. तेच चित्र मग घराघरात लावलं. मेलेल्या आईचा रंग सुद्धा जसा होता तसा भिंतीवर चालला नाही! इथे कुठला हेज कोड आडवा आला?

अनया_टोरांटो

सदानंदजी, त्या चित्राकडे मी अगदी उलट बघते. जिला आई विसरायचीच होती ती चित्र कशाला काढून घेईल, आणि आयुष्यभर प्रत्येक घरात का लावेल? सावळ्या बाईचं चित्र हॉलमध्ये लावलं तर ही कोण म्हणून विचारणारच, मग एकतर खोटं सांगा नाहीतर चित्र आत ठेवा. तिने आईला डोळ्यासमोर ठेवायचा जो मार्ग उरला होता तो घेतला. मला ते बघून गलबलतं.

इकडे परदेशात राहून मी पण बघितलंय, आपली माणसं ऑफिसात नाव छोटं करतात, डब्यातली भाजी बदलतात, आणि ते २०२० नंतरच्या काळात, कायदा पाठीशी असताना.

कुमार_वाचक

अभिनयाबद्दल कुणीच बोलत नाहीये म्हणून लिहितो. १९३९ चा 'वदरिंग हाइट्स', दिग्दर्शक विल्यम वायलर. हिरो हीथक्लिफ झालेल्या लॉरेन्स ऑलिव्हिएला हिरॉईन कॅथीच्या रोलसाठी नटी व्हिव्हियन ली हवी होती, मर्लशी त्याचं सेटवर अजिबात जमलं नाही. सिनेमाला आठ नॉमिनेशनं, त्यात ऑलिव्हिए आहे, जेराल्डिन फिट्झगेराल्ड आहे, मर्ल नाही. मला स्पष्ट वाटतं की ती मोठी अभिनेत्री नव्हती. चेहरा विलक्षण, पण आवाजात आणि हालचालीत कायम एक सांभाळून राहणं. ली दार्जिलिंगला जन्मलेली, तिने ते कधी दडवलं नाही, अर्थात गोऱ्या घरातली म्हणून तिला गरजही नव्हती, पण कॅमेऱ्यासमोर तिचा मोकळेपणा बघा आणि मर्लचा बघा.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. मूळ कादंबरीत हीथक्लिफ सावळा आहे, कुठून आला ते कुणाला माहीत नाही, एक पात्र त्याला 'लास्कर' म्हणजे आपल्याकडच्या खलाशाचं पोर म्हणतं. त्याच्या रंगावरून, कुळावरून घरातले त्याला हिडीसफिडीस करतात. सिनेमात तो रोल गोऱ्या ऑलिव्हिएने केला आणि ज्या मुलीने शाळेत खरोखर हे भोगलं ती समोर गोरी कॅथी म्हणून उभी. कॅथी हीथक्लिफचं प्रेम नाकारते कारण त्याच्याशी लग्न म्हणजे खाली उतरणं. ते वाक्य बोलताना तिच्या मनात काय झालं असेल!

रेवती_डी

@कुमार_वाचक, हे मी कधीच असं पाहिलं नव्हतं. पण मग तुमचा पहिला परिच्छेद तुम्हीच खोडलात असं मला वाटतं. ते सांभाळून राहणं तुम्हाला अभिनयातली कमतरता वाटते, मला तर कॅथी तशीच हवी, आत एक आणि बाहेर एक. मर्लच्या वागण्याबद्दल माझं मत तेच आहे, पण त्या रोलमध्ये तीच योग्य होती.

कुमार_वाचक

नाही, मी खोडलेलं नाही. गोष्ट मन हलवणारी आहे म्हणून काम चांगलं ठरत नाही. शेवटच्या आजारपणाच्या सीनमध्ये ऑलिव्हिए पूर्ण उद्ध्वस्त दिसतो आणि तिचा चेहरा तेव्हाही नीटनेटका. पुन्हा बघून सांगा.

सदानंद_के

शेवटचा मुद्दा लिहितो आणि यावर मला मधुराताईंचं उत्तर हवंय. कॉन्स्टन्सला पुढे आणखी मुलं झाली. त्यातल्या एकाला मुंबईच्या सरकारी दप्तरात मर्लचा जन्मदाखला सापडला आणि त्याला कळलं की जिला आपण मावशी समजत होतो ती आपली बहीण. तो तिला भेटायला लॉस एंजेलिसला गेला. तिने भेट नाकारली. आणि त्या माणसाचा मोठेपणा बघा, १९८३ ला तिचं चरित्र आलं तेव्हा सुद्धा त्याने चरित्रकाराला हे सांगितलं नाही. ते जगासमोर आलं २००२ च्या एका माहितीपटात.

१९७८ ला ती टास्मानियाला गेली, होबार्टच्या महापौरांनी सत्कार ठेवला, तेव्हा वय सदुसष्ट. हॉलिवूडचे नियम कधीच मोडीत निघालेले, पैसा अमाप, नाव झालेलं. आता कुणाची भीती होती? तिच्यामुळे टास्मानियातल्या काही लोकांनी तर तिला आपल्याकडच्या एका गरीब चिनी बाईची मुलगी मानलं, पिढ्यान्‌पिढ्या ती गोष्ट सांगितली, त्यांचा जीव गुंतला. तिच्या खोट्याची झळ तिच्या एकटीलाच बसली असं नाही.

मधुरा_गिरगाव

भावाबद्दल मी काही बचाव करणार नाही, ते वाचताना मलाही त्रास होतो. पण त्याने तिचं गुपित तिच्या मरणानंतर पण राखलं. ज्याचा हक्क डावलला गेला त्यालाच ते राखावंसं वाटलं, कारण उघड झालं तर तिचं काय होईल हे त्याला कळत होतं, तो त्याच घरातला होता. १९७९ ला ती मालिबूला वारली तेव्हा पन्नास वर्षं त्या कहाणीत जगून झालेली. नवऱ्यांना, दत्तक घेतलेल्या मुलांना, मित्रांना जे सांगितलं ते सदुसष्टाव्या वर्षी एका सत्कारात उठून कसं फिरवायचं?

सदानंद_के

जड गेलं असतं हे मान्य. तरी भावाला दार उघडायला कुठला सत्कार लागत नव्हता, पत्रकार लागत नव्हते, घरातल्या घरात झालं असतं. तेवढ्यापुरता माझा दोष कायम.