१४% चढाला ३४/२८ पुरेल का? कॅसेट बदलू की क्रँक?

चढवेडा
दोन महिन्यांनी हिल क्लाइंब आहे. एकूण १२ किमी, सरासरी ८%, पण शेवटचा दीड किमी सलग १४%. सायकलला शिमानो १०५ आर७००० (११ स्पीड), पुढे क्रँकवर ५०/३४ (दोन चकत्यांचे दाते), मागे कॅसेट ११-२८ (सर्वांत लहान आणि मोठ्या चकतीचे दाते), रिअर डिरेलर (मागचे गिअर बदलणारा भाग) एसएस, म्हणजे आखूड पिंजऱ्याचा. माझं वजन ७० किलो, सायकल आणि बाटल्या धरून ८०. एफटीपी (साधारण तासभर टिकणारी ताकद) २१० वॉट. ११-३२ घेऊ, ११-३४ घेऊ, की सरळ ४६/३० क्रँक टाकू?

वॉटमोजणी
आधी सरासरीचा भुलभुलैया सोडवू. शेवटचा दीड किमी बाजूला काढला की उरलेले साडेदहा किमी साधारण ७.१% चेच आहेत. तिथे २०० वॉटला ११ किमी/तासाच्या थोडं वर वेग मिळेल, म्हणजे ३४/२८ वर (पुढे ३४, मागे २८) ७२ च्या आसपास कॅडन्स (मिनिटाला पॅडलचे फेरे). काहीच अडचण नाही.

अडचण १४% ला. तेवढ्याच २०० वॉटला वेग ६.२ किमी/तास. २८ मिमी टायर धरून कॅडन्स असा पडतो: ३४/२८ वर ४०, ३४/३२ वर ४५, ३४/३४ वर ४८, ३०/३४ वर ५४. आणि ३४/२८ वर ६० चा कॅडन्स टिकवायचा हट्ट धरलात तर ३०० वॉटच्या वर लागतील. तासभर चढून आल्यावर ते कुठून आणणार?

एकूण वेळ सत्तर मिनिटांच्या घरात जातो. एफटीपी साधारण तासाभराचा हिशेब असतो, म्हणून २१० नाही, २०० धरून चला.

साखळी_पिन
एसएस डिरेलरला मोठं स्प्रॉकेट (कॅसेटची चकती) अधिकृतपणे ३० दात्यांपर्यंतच चालतं आणि कपॅसिटी (पुढचा-मागचा मिळून दात्यांचा किती फरक पेलतो ते) ३५. आता बेरीज करा: पुढचा फरक १६, ११-३४ चा फरक २३, एकूण ३९. लांब पिंजऱ्याच्या जीएस डिरेलरची कपॅसिटी बरोब्बर ३९ आहे, तोच घ्या. शिफ्टर, पुढचा डिरेलर, क्रँक सगळं तेच राहतं.

११-३४ (शिमानोची एचजी७०० किंवा एचजी८०० कॅसेट) ११ स्पीड रोड फ्रीहबवर (मागच्या चाकाचा कॅसेट बसते तो भाग) बसवताना मागे १.८५ मिमीचा स्पेसर लागतो. हा विसरला की लॉकरिंग (कॅसेट धरून ठेवणारी रिंग) पूर्ण आवळूनही कॅसेट खुळखुळते आणि लोक उगाच फ्रीहबला दोष देतात. लॉकरिंग ४० न्यूटन-मीटरने आवळा.

उतारप्रेमी
एसएसवर ११-३२ बऱ्याच फ्रेमवर चालून जाते. हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) किती लांब आहे यावर अवलंबून. बी-स्क्रू (डिरेलर आणि कॅसेटमधली फट ठरवणारा) आत घ्यायचा आणि ३४-११ जोडी वापरायची नाही, कारण तिथे चेन लोंबते. ११-३४ मध्ये गिअरमधल्या उड्या फार मोठ्या, म्हणून मी ती सुचवणार नाही.

साखळी_पिन
उड्या मोठ्या आहेत, पण कुठे ते बघा. ११-३४ मध्ये ११-१३-१५ आहे आणि ११-३२ मध्ये ११-१२-१३-१४. हा फरक सपाटीवर घोळक्यात जाणवतो, या रेसमध्ये नाही. चढाच्या टोकाला ११-३४ चे दाते २७-३०-३४ आणि ११-३२ चे २५-२८-३२. शेवटची उडी पहिलीत १३%, दुसरीत १४%. म्हणजे तक्रार उलटीच निघते!

वॉटमोजणी
सहमत. कॅसेट शंभरेक ग्रॅमने जड झाली तरी या चढावर पाचएक सेकंद जातात. ४० च्या कॅडन्सला गुडघ्यांवर येणारा ताण त्याहून महाग पडतो.

४६/३० बद्दल: जीआरएक्स (शिमानोची ग्रॅव्हल मालिका) क्रँकची चेनलाइन (फ्रेमच्या मध्यापासून चेनचं अंतर) अडीच मिमी बाहेर असते, त्यामुळे पुढचा डिरेलरही जीआरएक्सचाच लागतो. वेग फारसा गमवावा लागत नाही, ४६/११ वर ९० कॅडन्सला ४८ किमी/तास मिळतात. पण एका रेससाठी एवढी उचापत मी करणार नाही. रोजचेच रस्ते १२% च्या वर असतील तर गोष्ट वेगळी.

चढवेडा
मग जीएस आणि ११-३४ ठरलं. जुनी चेन चालेल का?

साखळी_पिन
नाही. ११-२८ साठी कापलेली चेन आखूड पडते. चुकून पुढे ५० आणि मागे ३४ वर टाकलीत तर डिरेलर ताणला जाऊन हँगर मोडतो, आणि दमलेल्या माणसाकडून अशी चूक हमखास होते. नवी चेन डिरेलरमधून न नेता पुढच्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवरून गुंडाळा, जिथे टोकं जुळतात तिथून दोन कड्या जास्त ठेवून कापा. नव्या कॅसेटवर झिजलेली चेन तशीही चढवू नये. ११ स्पीडला ०.५% झीज दिसली की बदलायची.

नंतर क्रम असा: हँगर सरळ आहे का तपासा, दोन्ही लिमिट स्क्रू (डिरेलर किती आत-बाहेर जाईल ते ठरवणारे), मग चेन ३४-३४ वर ठेवून बी-स्क्रू. डिरेलरची वरची पुली (छोटं चाक) आणि मोठं स्प्रॉकेट यांत ६ मिमीच्या आसपास फट हवी. पुली घासली तर पॅडल उलटं फिरवताना खरखर ऐकू येते. केबलचा ताण सगळ्यात शेवटी.

उतारप्रेमी
बरं, ११-३४ तर ११-३४. एक राहिलं: १४% ही त्या तुकड्याचीही सरासरीच आहे. हेअरपिन वळणाची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा बरीच खडी असते. रस्ता वाहतुकीला बंद असेल तर बाहेरून घ्या, अंतर किंचित वाढतं पण कॅडन्स तुटत नाही. सायकल काँप्युटरवरचा चढाचा आकडा काही सेकंद मागे असतो, तो बघून गिअर टाकू नका. मागच्या ३४ च्या चकतीवर चढ सुरू व्हायच्या आधीच या, पॅडलवर पूर्ण जोर असताना चेन चढत नाही. रस्ता ओला असेल तर उभं राहून मारू नका, मागचं चाक घसरतं.