मदत हवी आहे: डेंग्यू लसीच्या चाचणीत नाव द्यावं का?

नमस्कार मंडळी,

आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि पॅनेशिया बायोटेक ही कंपनी यांच्या 'डेंगीऑल' या डेंग्यूच्या लसीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतकला सुरू झाली. देशभरातल्या १९ केंद्रांवर मिळून दहा हजारांहून जास्त निरोगी प्रौढ लागणार, असं तेव्हा जाहीर झालं होतं. आमच्या भागातल्या केंद्रावर मी चौकशी करून आलो. आता नाव द्यायचं की नाही, यावर घरात दोन तट पडलेत.

मला जावंसं वाटतं ते धाकट्या भावामुळे. गेल्या पावसाळ्यात त्याला डेंग्यू झाला. ताप उतरला तसं सगळ्यांना हायसं वाटलं, आणि नेमकं तेव्हाच पोटात दुखायला लागलं, उलट्या सुरू झाल्या. आम्ही सगळे प्लेटलेट्सचा आकडा विचारत होतो, डॉक्टर मात्र हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशींचं प्रमाण किती) बघत होते. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपलं की रक्त घट्ट होतं, खरा धोका तो, असं त्यांनी समजावलं. त्या आकड्यानुसार सलाईनचा वेग कमी-जास्त करायचा आणि वाट बघायची, एवढंच हातात होतं. विषाणूवर औषध नाहीच. भाऊ बरा झाला, पण त्या रात्री वॉर्डात बसून वाटलं, लस हवी असेल तर कुणीतरी आधी दंड पुढे करायलाच हवा ना?

आई म्हणते, "एकाला झालं ते पुरे नाही का? आता तू मुद्दाम कशाला अंगावर घेतोस?" तिची भीती अगदीच निराधार नाही. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं दुसऱ्या प्रकाराला रोखू शकली नाहीत, तर उलट त्याला पेशीत शिरायला मदत करू शकतात. फिलिपाइन्समध्ये २०१६ पासून शाळकरी मुलांना डेंगवॅक्सिया ही लस दिली, आठ लाखांहून जास्त मुलांना. नोव्हेंबर २०१७ मध्ये ती बनवणाऱ्या सानोफी कंपनीनेच सांगितलं, की ज्यांना आधी डेंग्यू झालेला नव्हता त्यांना ही लस घेतल्यावर पुढे गंभीर डेंग्यू होण्याची शक्यता वाढते. हे वाचल्यापासून माझ्याही मनात पाल चुकचुकते आहे.

पण डेंगीऑल त्या घराण्यातली नाही. ती अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने दुबळ्या केलेल्या विषाणूंपासून बनवली आहे, एकच डोस. त्याच विषाणूंवर आधारित ब्राझीलच्या बुटांटान संस्थेच्या लसीचे निकाल २०२४ च्या सुरुवातीला आले. दोन वर्षांत एकूण परिणामकारकता ७९.६ टक्के, आधी डेंग्यू झालेल्यांत ८९.२, न झालेल्यांत ७३.६. म्हणजे ज्या गटाची काळजी, त्यालाही संरक्षण मिळालं. गोम एवढीच, की त्या काळात तिथे प्रकार १ आणि २ चीच साथ होती. ३ आणि ४ बद्दल त्या निकालांतून काही कळत नाही.

मला आधी डेंग्यू झालाय का, हेही माहीत नाही. बऱ्याच जणांना तो होऊन जातो आणि कळतही नाही. २०१७-१८ च्या देशव्यापी पाहणीत ५ ते ४५ वयोगटातल्या जवळपास निम्म्या लोकांच्या रक्तात त्याच्या खुणा सापडल्या होत्या.

केंद्रावरच्या बाईंनी संमतीपत्र घरी न्यायला दिलं, "घाई नाही, घरच्यांना दाखवा" म्हणाल्या. हे मला फार आवडलं. खम्मम आणि वडोदऱ्याच्या २००९-१० च्या एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस) प्रकल्पात कित्येक मुलींच्या वतीने वसतिगृहाच्या वॉर्डनने सह्या केल्या होत्या, ते आठवलं. बायकोने पेन्सिल घेऊन पान न् पान वाचलं. कारण न देता कधीही बाहेर पडता येईल, या ओळीखाली तिने रेघ मारली आहे. मला लस मिळणार की प्लासिबो (लस नसलेलं नुसतं दिसायला तसंच इंजेक्शन), हे मलाही कळणार नाही आणि टोचणाऱ्यालाही नाही. पुढे दोन वर्षं पाठपुरावा.

जाणकारांनी सांगावं:

लस टोचण्याआधी आयजीजी तपासणी (आधी डेंग्यू होऊन गेलाय का, हे दाखवणारी रक्ततपासणी) बाहेरून करून घ्यावी का? की त्याने चाचणीत अडथळा येतो?

२०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई मिळते. प्रत्यक्षात रात्री दोन वाजता ताप चढला तर फोन कोण उचलतो? कुणाचा अनुभव?

आरोग्य विम्याच्या कंपनीला कळवावं लागतं का?

भर: प्रतिसादांबद्दल आभार. सीटीआरआयवर (देशातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही) या चाचणीची नोंदणी पाहिली, आहे. नीतिमत्ता समितीच्या सचिवांचा नंबर संमतीपत्रातच सापडला, सोमवारी फोन करतो. दोन वर्षांनी मला प्लासिबो मिळाला होता असं निघालं, तर नंतर खरी लस देणार का, हा इथे सुचवलेला प्रश्न यादीत सगळ्यात वर घेतलाय. आईला सोबत घेऊन जा, असं दोघांनी सुचवलं. ती यायला तयार झाली आहे. विम्याबद्दल मात्र अजून कुणी लिहिलेलं नाही. कुणाला माहिती असेल तर जरूर कळवा.